एका हातातला हातमोजा

परवा आमच्या चिरंजीवांनी जाहीर केलं, की त्यांना मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा क्लास लावायचा आहे. "बाबा, त्यात सगळं चालतं. बॉक्सिंगचे ठोसे, कराटेच्या लाथा, कुस्तीचे डाव!" आमच्या घराण्यात यांतलं काहीच चालत नाही. वडील दर शनिवारी मारुतीला तेल घालायचे. तालमीशी आमचा संबंध एवढाच.

मी पडलो कॉमर्सवाला. फी विचारण्याआधी विचारलं, "मग बॉक्सर भारी की हे तुझे सगळं चालणारे?"

चिरंजीवांनी मोबाइल माझ्या नाकापुढे धरला. 12 नोव्हेंबर 1993, अमेरिकेतलं डेन्व्हर शहर, यूएफसीची पहिली स्पर्धा. कोणी सुमो, कोणी किकबॉक्सर, कोणी कराटेवाला. त्यात आर्ट जिमरसन नावाचा चांगला कसलेला धंदेवाईक बॉक्सर. पण हा गृहस्थ आला तो एकाच हातात हातमोजा घालून! एका पायात चप्पल घालून लग्नाला यावं तसा. समोर पांढऱ्या झब्ब्यातला रॉइस ग्रेसी. अंगानं असा, की आमच्या रांगेत उभा असता तर कोणीही त्याच्या पुढे घुसलं असतं. ग्रेसीनं थोडा वेळ अंतर राखलं, मग एकदम कमरेला मिठी मारून बॉक्सरला खाली घेतलं आणि छातीवर बसला. गळाही अजून आवळला गेला नव्हता, तोच जिमरसननं जमिनीवर थापट्या मारल्या. म्हणजे शरणागती. अडीच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. (मराठीत थाप मारणारा सुटतो, तिथे थाप मारणारा हरतो.) त्याच रात्री ग्रेसीनं तिन्ही लढती जिंकून स्पर्धा खिशात घातली.

मला नवल वाटलं ते निराळ्याच गोष्टीचं. आमच्याकडे खासबागेत पाठ मातीला लागली की पहिलवान चितपट, खेळ खलास. ग्रेसीच्या ब्राझिलियन जिउ-जित्सूत माणूस खुशाल उताणा पडतो, पायांनी समोरच्याला कवळतो आणि तिथून त्याची लढाई सुरू होते! एकाचा शेवट तो दुसऱ्याचा श्रीगणेशा.

"म्हणजे बॉक्सर हरतोच?" मी विचारलं.

"तसं नाही," चिरंजीव म्हणाले. 2017 साली लास व्हेगासला कॉनर मॅकग्रेगर हा यूएफसीचा हिरो फ्लॉइड मेवेदरशी लढला, पण बॉक्सिंगच्या नियमांनी. लाथ नाही, मिठी मारून पाडणं नाही. दहाव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली आणि मेवेदर जिंकला. थोडक्यात, ज्याची शाखा त्याचे नियम.

दोघांच्या सोयीचे नियम केले तर? तेही झालंय. 1976 साली टोकियोत मुहम्मद अली विरुद्ध जपानी कुस्तीगीर अँटोनिओ इनोकी. इनोकी जवळजवळ पंधराही फेऱ्या जमिनीवर पडून अलीच्या पायांवर लाथा झाडत राहिला. अलीचे पाय सुजले, ठोसे मोजकेच सुटले, प्रेक्षक खवळले आणि निकाल काय, तर बरोबरी! आमच्या युनियनची आणि मॅनेजमेंटची बोलणी अशीच संपतात.

चिरंजीव पुढे बरंच बोलत होते, पण माझं लक्ष त्या एका हातमोज्यातच अडकलं होतं. कारण गेल्याच सोमवारी माझ्या हातात ऑर्डर पडली होती. बावीस वर्षं मी कॅशला. नोट हातात आली की खोटी आहे हे बोटांना डोळ्यांआधी कळतं. अशा माणसाला कर्जविभागात टाकलं! घरी मी हे बोललो नव्हतो. हिला वाटलं असतं काहीतरी घोटाळा केला.

सोमवारी त्या टेबलावर बसलो. एक कारखानदार आला. त्यानं पुढ्यात तीन वर्षांचे ताळेबंद, प्रोजेक्ट रिपोर्ट, तारणाचे कागद असा ढीग टाकला आणि खेळत्या भांडवलाबद्दल सरळ सवाल केला. बी.कॉम.ला मी हे पाठ केलं होतं. पाठच केलं होतं. मी ढीग उचलला आणि सवयीनं, ओला स्पंज शोधून, पानं भराभर मोजली.

"एकशे बारा," मी म्हणालो.

"काय?"

"पानं. बरोबर आहेत."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि त्यांच्या टेबलावर हळूच तीन थापट्या मारल्या.

साहेबांनी मान वर न करता शिपायाला दोन चहा सांगितले.