खांद्यावरची जुनी सॅक कधी बदलायची?

पाऊस ओसरला की आपल्या नांदेड-लातूरकडची बरीच मंडळी सह्याद्रीची वाट धरतात. पुण्या-मुंबईच्या ट्रेकरला गड जवळ असतात. आपल्याला मात्र रेल्वेत एक अख्खी रात्र काढल्याशिवाय डोंगर दिसत नाही. एवढ्या लांब जायचंच आहे तर कळसूबाईबरोबर हरिश्चंद्रगडही करून येऊ, असं म्हणत दोन दिवसांचा बेत चार दिवसांचा होतो. मग धपाटे, शेंगदाण्याची चटणी, पाणी, अंथरूण, स्वेटर असं करत करत पाठीवर बारा-तेरा किलो कधी जमतात ते कळत नाही. आणि हे सगळं ज्या सॅकमध्ये भरायचं, ती माळ्यावरून काढलेली, दहा-पंधरा वर्षांची.

आज त्या सॅकबद्दल बोलू या. तुम्ही म्हणाल, डॉक्टरचा आणि पिशवीचा काय संबंध? बूट झिजला की पाय घसरतो, चष्म्याचा नंबर बदलला की अक्षर पुसट दिसतं. सॅकचं तसं नाही. ती संपली तरी बाहेरून बऱ्यापैकी शाबूत दिसते. ते आधी कळतं खांद्याला, मानेला आणि हाताला, आणि ते दुखणं घेऊन माणूस दुकानात जात नाही, दवाखान्यात येतो.

आधी सॅक ओझं कसं उचलते ते समजून घ्या. आपल्याकडे बाया डोक्यावर घागर घेताना खाली चुंबळ ठेवतात. ओझं एका टोकावर न टोचता पसरावं, हे तिचं काम. चुंबळ चपटी झाली की ती झटकून पुन्हा वळतात. मोठ्या सॅकचा कमरपट्टा आणि खांद्याच्या पट्ट्यांतला फोम हे अगदी तेच काम करतात. कमरपट्टा नीट आवळला की ओझ्याचा मोठा भाग कमरेच्या रुंद हाडांवर आणि तिथून पायांवर जातो. खांद्याच्या पट्ट्यांनी सॅक फक्त पाठीशी धरून ठेवायची असते. पाठीच्या बाजूला आत ॲल्युमिनियमची पट्टी किंवा प्लास्टिकचा ताठ पत्रा असतो. वरचं ओझं कमरेपर्यंत पोचवतो तो हाच.

फोम बसला, पत्रा वाकला किंवा कमरपट्टा निकामी झाला की सगळं ओझं खांद्यावर येतं. फोम नसलेला पट्टा म्हणजे दोरखंडच. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा गळ्याजवळच्या आडव्या हाडाखालून, पहिल्या बरगडीवरून जातो. पट्टा नेमका त्याच भागावर दाबतो. तासन् तास दाब राहिला तर आधी मुंग्या येतात, मग बधिरपणा आणि क्वचित हाताची ताकद जाते. याला 'रकसॅक पाल्सी' म्हणतात. सैन्यात हा त्रास पूर्वीपासून माहीत आहे. फ्रेम आणि कमरपट्टा असलेली सॅक वापरणाऱ्या सैनिकांत तो बराच कमी आढळतो, हेही अभ्यासातून दिसलं आहे.

काही वर्षांपूर्वी लातूर जिल्ह्यातले एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) चार दिवसांचा ट्रेक करून आले होते. तिसऱ्या दिवशी उजव्या हाताला मुंग्या आल्या. घरी आल्यावर सदरा खुंटीला लावायला गेले, तर हात खांद्याच्या वर जाईना. घरात एकच शब्द फिरत होता, लकवा. वहिनी खुर्चीवर बसायलाही तयार नव्हत्या. "डॉक्टरसाहेब, काय असंल ते सरळ सांगा," एवढंच म्हणाल्या.

बोलणं स्पष्ट होतं, चेहरा सरळ होता, पायात पूर्ण ताकद होती. खांद्याचा गोल स्नायू आणि कोपर वाकवणारा स्नायू तेवढे कमजोर होते, आणि दंडाच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा भाग बधिर. हे चित्र नसेच्या दाबाचं होतं. तरी मेंदूचा स्कॅन करून घेतला. तो स्वच्छ आला. न्यूरॉलॉजिस्टनीही तपासलं. मग मी म्हणालो, "गुरुजी, पुढच्या वेळी सॅक घेऊन या."

सॅक आली. लांबून पाहिली तर अजून पाच वर्षं चालेल अशी. हात लावल्यावर कळलं की उजव्या पट्ट्यातला फोम पुठ्ठ्यासारखा झाला होता. डाव्या बाजूचं बक्कल ओझ्याखाली हळूहळू सरकायचं, म्हणजे सगळा भार उजवीकडे. आणि कमरपट्टा नव्हताच! एसटीत अडकतो म्हणून गुरुजींनी तो कधीचाच कात्रीनं कापून टाकला होता. असं करणारे ते एकटे नाहीत. कमरपट्ट्याला आपल्याकडे बरेच लोक शोभेची वस्तू समजतात.

"आता हिला रिटायर करा," मी म्हणालो.

ते जरा गप्प राहिले. म्हणाले, "मुलानं पुण्यात शिकत असताना घेतलेली आहे, साहेब. तो आता कॅनडात. त्याच्या वस्तूंपैकी घरात रोजच्या वापरातली एवढी एकच उरली आहे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वहिनींकडे होतं. "मग ठेवा की! पाठीवरच घ्यायला पाहिजे असं कुठं लिहिलंय?"

हात पूर्ववत व्हायला जवळपास तीन महिने लागले. रोजचे व्यायाम गुरुजींनी शाळेच्या शिस्तीनं केले. फेरतपासणीला ते तीच सॅक हातात धरून यायचे, आत फाइल, औषधं आणि पाण्याची बाटली.

इथे थोडं थांबा, कारण पुढचं वाचून लगेच विसरायचं नाही. हातातली ताकद अचानक गेली, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर सॅकला दोष देत घरी बसू नका. तो मेंदूचा झटका असू शकतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, त्यामुळे १०८ ला फोन करा. दुसरं असं की चढताना छाती, जबडा, डावा खांदा किंवा हात दुखतो, दरदरून घाम येतो आणि थांबल्यावर बरं वाटतं, ते पट्ट्याचं दुखणं नाही असं धरून चाला. पन्नाशीनंतरच्या माणसानं "पट्टा लागतोय" म्हणत डाव्या हाताचं दुखणं अंगावर काढलं, की मला सगळ्यात जास्त भीती वाटते. पट्ट्याच्या दुखण्याची खूण साधी आहे. सॅक काढून दहा-पंधरा मिनिटं बसलं की मुंग्या जातात. रात्र उलटूनही बधिरपणा राहिला, किंवा कप उचलायला, गुंडी लावायला हात चुकू लागला, तर डॉक्टरांना दाखवा.

मधुमेही मंडळींना वेगळं सांगतो. ज्यांच्या नसा साखरेमुळे आधीच मंदावल्या आहेत, त्यांना मुंग्या कळतीलच असं नाही. त्यांनी शरीर तक्रार करील म्हणून वाट पाहत बसू नये, सॅकच तपासावी.

ती कशी तपासायची? एक-एक लिटरच्या आठ बाटल्या पाण्यानं भरून सॅकमध्ये ठेवा. म्हणजे आठ किलो झाले. सॅक पाठीवर घ्या, कमरपट्टा कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेवर आवळा आणि खांद्याचे पट्टे सैल सोडा. चांगली सॅक कमरेवर उभी राहते. ती घसरून खाली आली, किंवा पट्टा पोटाकडे गोळा झाला, तर ओझं उचलण्याचं तिचं काम संपलं आहे. याच परीक्षेवर माझा सर्वात जास्त भरवसा आहे. बाहेरच्या फाटक्या जाळीकडे मी फारसं बघत नाही. मग फोम अंगठ्यानं दाबून सोडा. तो वर यायला हवा. दाबाचा खड्डा तसाच राहिला किंवा आतलं कापड बोटाला लागलं, तर तो फोम मेला. खांद्याचे पट्टे सॅकला जिथे शिवलेले असतात तिथे दोन्ही हातांनी जोर लावून ओढा आणि टाके उघडतात का ते उजेडात बघा. शेवटी आतून हात फिरवा. हाताला चिकट लागलं, किंवा कोंड्यासारखे पापुद्रे निघाले, तर पाणी अडवणारा थर गेला.

हा थर जाण्याचं कारण आपल्या हवेतही आहे. तो बहुधा पॉलियुरेथेनचा असतो, आणि उष्णता आणि ओलावा एकत्र आले की तो हळूहळू विघटित होतो. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. त्यानंतर पावसाळा येतो आणि सॅक तिथेच दमट पडून राहते. धुतल्यावर कडक उन्हात दोन दिवस टांगून ठेवायची सवयही वाईट. उन्हानं नायलॉनचे पट्टे कमजोर होतात आणि बक्कलं ठिसूळ. रंग उडालेला, हाताला खरखरीत लागणारा पट्टा दिसायला धड असला तरी आतून झिजलेला असतो. सॅक सौम्य साबणानं हातानं धुवा, सावलीत वाळवा, खाटेखाली किंवा कपाटात ठेवा. धुवायलाच हवी, कारण पट्ट्यांत मुरलेल्या घामामुळे आणि घासण्यामुळे खांद्यावर पुळ्या येतात आणि बुरशीचा चट्टा लवकर बरा होत नाही.

आता तुमच्या मनात आलं असेल, डॉक्टर सगळ्यांना नवी सॅक घ्यायला लावणार. तसं नाही. चेनचा रनर गेला, बक्कल तुटलं, बूड फाटलं, टाके उसवले, तर वजिराबादेत किंवा गंजगोलाईच्या आसपास एखाद्या बॅग शिवणाऱ्याकडे जा. थोड्या पैशांत काम होतं. जाड दोऱ्यानं दुहेरी शिलाई मारा म्हणून सांगा आणि समोर बसून करून घ्या. फोम, आतली फ्रेम, उन्हानं खाल्लेले पट्टे आणि सुटलेला थर यांतलं काही गेलं असेल, तर दुरुस्तीवर पैसे घालू नका. त्यातही फक्त थर गेला असेल तर सामान प्लास्टिकच्या पिशवीत भरून काही वर्षं काढता येतील. फोम आणि फ्रेमच्या बाबतीत ती तडजोड नाही.

कधी कधी सॅक ठणठणीत असते आणि माणूस बदललेला असतो. माझी पहिली सॅक मी एमडी करताना घेतली, जाड कॅनव्हासची, बाहेर ॲल्युमिनियमची फ्रेम असलेली. ती तेव्हाही जड होती, पण मी तेव्हा २७ वर्षांचा होतो! पन्नाशीत पोट पुढे येतं, कमरपट्टा पोटाखाली उतरतो आणि कमरेच्या पुढच्या कोपऱ्यावर दाबतो. तिथली एक नस चेपली की मांडीची बाहेरची बाजू बधिर होते, आग होते. लोक ते कमरेचं दुखणं समजतात. मानेच्या मणक्यांची झीज असेल, हाडं ठिसूळ झाली असतील, तर सॅकबरोबर ओझंही कमी करावं लागतं. ठोकताळा असा की एका दिवसाच्या चालीला आपल्या वजनाच्या दहावा हिस्सा आणि मुक्कामाच्या ट्रेकला फार तर पाचवा. शाळेच्या दप्तरासाठी केंद्राच्या २०२० च्या धोरणातही दहा टक्क्यांचीच मर्यादा आहे. लातूरला क्लाससाठी राहणाऱ्या मुलांच्या पाठीवर मोठ्या भावाची, फोम बसलेली सॅक दिसते तेव्हा पालकांना हे आवर्जून सांगावंसं वाटतं.

नवी घेताना किती लिटरची, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न तुमच्या पाठीच्या लांबीचा. मान खाली घातली की मागे हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत घरातल्या कोणाकडून तरी टेपनं मोजून घ्या. उंची सारखी असलेल्या दोन माणसांत हे माप वेगळं असू शकतं, त्यामुळे मित्राला बसली म्हणून तुम्हाला बसेलच असं नाही. दुकानात रिकामी सॅक सगळ्यांनाच आवडते. वजन भरून दहा मिनिटं पाठीवर घेऊ द्या, असं दुकानदाराला सांगा. ऑनलाइन मागवली तर परत करायची मुदत संपायच्या आत हेच घरी करा. बायकांसाठी वेगळ्या बांध्याच्या सॅक मिळतात. त्यांचे खांद्याचे पट्टे आणि कमरपट्टा वेगळ्या वळणाचे असतात, फरक नुसता रंगाचा नसतो.

आणि नवी सॅक घेऊन थेट गडावर जाऊ नका. मी शेवटची घेतली तेव्हा आठवडाभर पहाटे त्या आठ बाटल्या पाठीवर घेऊन गोवर्धन घाटाकडे फेऱ्या मारल्या. "डॉक्टर, कुठं निघालात?" असं विचारणारे दोन पेशंट रोज भेटायचे. तिसऱ्या दिवशी डावा पट्टा दोन बोटं सैल केला, तेव्हा सॅक जागेवर बसली.