गाडीची वाढीव वॉरंटी : घ्यावी की न घ्यावी?

आमच्या छोट्या पेट्रोल गाडीची तीन वर्षांची वॉरंटी संपायला दीड महिना उरला आणि शोरूममधून फोन सुरू झाले. आणखी दोन वर्षांची वाढीव वॉरंटी घ्या, आज घेतली तर १७,००० रुपये, पुढे दर वाढेल, आणि मुदत संपल्यावर तर मिळणारच नाही.

१७,००० ही शिक्षकाच्या घरात लहान रक्कम नाही. थोरल्या मुलीच्या फार्मसीच्या प्रवेशासाठी पै-पै बाजूला पडते आहे. दुसरीकडे, गाडी ही आमच्या घरी चैन नाही. अब्बांचे आठवड्यातून दोनदा मिरजेला डायलिसिस असते. कुपवाडहून मिरज लांब नाही. पण डायलिसिसनंतर गळून गेलेल्या माणसाला रिक्षात धक्के खात घरी आणणे काय असते, ते ज्याने केले त्यालाच ठाऊक. तेव्हा गाडी बंद पडण्याची भीती खरी होती. पण भीतीपोटी सही करायची नाही, आधी कागद वाचायचा, असे आम्ही घरात ठरवले.

कागद वाचताना पहिली गोष्ट स्पष्ट झाली, ती म्हणजे वॉरंटी आणि विमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अपघात, चोरी, पूर हा विम्याचा प्रांत. गाडीचा एखादा भाग आतून, स्वतःच्या दोषाने निकामी झाला तर तो वॉरंटीचा. आपल्या सांगलीकरांनी हा फरक विशेष लक्षात ठेवावा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले होते, २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा महापूर आला. पाणी शिरून इंजिन खराब झाले तर कोणतीही वाढीव वॉरंटी ते भरून देत नाही. साध्या विम्यातही इंजिनाचे असे नुकसान बहुधा बसत नाही; त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचे वेगळे कलम घ्यावे लागते.

दुसरी गोष्ट, झीज. टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, फिल्टर, बल्ब हे सगळे वापराने झिजणारे भाग म्हणून वगळलेले होते. गल्लीतल्या मिस्त्रीचाचांना आम्ही विचारले, अशा गाडीला चौथ्या-पाचव्या वर्षी काय काय लागते? त्यांनी बोटांवर मोजून जी यादी सांगितली, ती जवळपास याच भागांची निघाली. उरतात ती मोठी कामे : इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंगची मोटर, एसीचा कॉम्प्रेसर, इलेक्ट्रॉनिक कंट्रोल. ही कामे क्वचित निघतात, पण निघाली तर बिल पंचवीस-तीस हजारांच्या पुढे जाते.

तिसरी गोष्ट होती अटींची. प्रत्येक सर्व्हिसिंग ठरल्या मुदतीत आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच व्हायला हवे. एक जरी चुकले तरी दावा नाकारला जाऊ शकतो. बाहेरून गॅस किट बसवले, वायरिंगला हात लावला, तरी तेच. आमच्याकडे एमआयडीसीच्या आसपास हाताला कसब असलेल्या मिस्त्रींची कमी नाही. मिस्त्रीचाचा जे काम तीन हजारांत करतात, त्याचे सर्व्हिस सेंटरचे बिल साडेपाच हजार होते. दोन वर्षांत दोन सर्व्हिसिंग धरली तर पाच हजारांचा फरक. म्हणजे वाढीव वॉरंटीची खरी किंमत १७,००० नव्हे, २२,००० होती. फोनवर हा हिशेब कोणी सांगत नाही.

चौथा प्रश्न अम्मींनी विचारला : “हे हलाल आहे का, ते तरी विचारलेत का?” आम्ही मोहल्ल्याच्या मशिदीतल्या इमाम साहेबांकडे गेलो. त्यांनी थेट हो किंवा नाही न सांगता आधी विचारले, “कागदावर सही कोणाची आहे?” ते म्हणाले की उलमांमध्ये याबद्दल मतभेद आहेत. वेगळे पैसे देऊन घेतलेली वॉरंटी म्हणजे पुढे होईल की नाही याची खात्री नसलेल्या नुकसानीवर व्यवहार. त्यात गरर, म्हणजे अनिश्चितता, आहे, तेव्हा ती विम्यासारखीच झाली, असे काही उलमा मानतात. दुसरे काही म्हणतात की वस्तू बनवणाऱ्यानेच आपल्या मालाच्या दोषाची जबाबदारी वाढवून घेतली, तर ती हमी विक्रीचाच भाग समजता येईल.

घरी येऊन सही पाहिली. शोरूमने दोन कागद दिले होते. एक गाडी बनवणाऱ्या कंपनीचा. दुसरा थोडा स्वस्त, पण तिसऱ्याच कंपनीचा, आणि त्यात एका दाव्याला किती पैसे मिळतील यावर मर्यादा होती. इमाम साहेबांचा प्रश्न दीनच्या दृष्टीने होता, पण व्यवहारातही तोच पहिला प्रश्न ठरला. दुसरा कागद आम्ही तिथेच बाजूला ठेवला.

आता पहिल्या कागदाचा निर्णय. गाडी बिघडेल का, हे अल्लाहशिवाय कोणाला ठाऊक नाही. त्यामुळे आम्ही प्रश्न असा मांडला : बिघडलीच, तर आपण ते सोसू शकतो का? आमच्या घरात व्याजाचे कर्ज घ्यायचे नाही हे ठरलेले आहे. दुसरा माणूस तीस हजारांचे बिल क्रेडिट कार्डावर ढकलू शकतो. आम्हाला ती रक्कम हातात असावी लागते. हा मुद्दा वॉरंटीच्या बाजूने जाणारा होता. पण त्याचा दुसरा अर्थही आहे. पैसे हातात हवेत, तर ते आधी साठवायला हवेत. साठवलेला पैसा टायरला चालतो, बॅटरीला चालतो आणि गाडी गॅरेजमध्ये असेल त्या दिवशी अब्बांसाठी चांगली गाडी भाड्याने करायलाही चालतो. वॉरंटी फक्त पार्ट बदलून देते. पार्ट यायला आठ दिवस लागले तर ते आठ दिवस आपलेच असतात.

आमची गाडी साध्या गिअरची, वर्षाला आठ-नऊ हजार किलोमीटर चालणारी, तीन वर्षांत एकही मोठी तक्रार नसलेली. आम्ही वाढीव वॉरंटी घेतली नाही. त्या १७,००० रुपयांचा गाडीच्या नावाने वेगळा डबा केला आणि अम्मींच्या भिशीसारखे दर महिन्याला त्यात हजार रुपये टाकायचे ठरवले. काही बिघडले नाही तर दोन वर्षांनी ते पैसे आमचेच राहतील.

आणखी एक काम केले, जे प्रत्येकाने करावे. मूळ वॉरंटी संपण्याच्या तीन आठवडे आधी गाडी पूर्ण तपासून घेतली आणि प्रत्येक बारीक तक्रार जॉब कार्डवर लिहून घेतली. स्टिअरिंगमधला हलका आवाज आणि अडखळणारी पॉवर विंडो, दोन्ही कामे विनामूल्य झाली.

आमचा निर्णय सगळ्यांना लागू होईल असे नाही. आमचे धाकटे दीर पुण्याला असतात. त्यांची गाडी ऑटोमॅटिक, वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर पळते आणि सर्व्हिसिंग आधीपासून अधिकृत सेंटरलाच होते. त्यांनी कंपनीची वाढीव वॉरंटी घेतली, आणि गिअरच्या एका कामात तिचे पैसे वसूलही झाले. मुदत शिल्लक असताना गाडी विकली तर ती बहुतेक वेळा नव्या मालकाच्या नावे करता येते, त्याने किंमतही बरी येते. त्यांच्यासाठी तोच हिशेब बरोबर होता.

वॉरंटी असूनही योग्य दावा नाकारला गेला तर गप्प बसू नये. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. त्यासाठी बिले आणि जॉब कार्ड जपून ठेवावीत.

तुमच्या घरीही असा फोन आला तर चार गोष्टी विचारा. हमी कोणाची आहे? काय वगळले आहे? अटी पाळायला वर किती खर्च येईल? आणि मोठे बिल आलेच, तर ते द्यायला घरात पैसे आहेत का? दीनचा प्रश्न आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारा, हिशेब घरातल्या सगळ्यांना जवळ बसवून करा, आणि उत्तर फोनवर देऊ नका.