ड्रेसिंगचा डबा घरी ठेवून

शुक्रवार, १५ मार्च २०२४

अण्णांच्या पायाची जखम आज लालसर दिसली, म्हणजे बरी भरतेय. शुगरपायी अंगठा काढला तेव्हा कडा काळ्या होत्या. सलाईननं धुतली, गॉज ठेवलं, पट्टी बांधली. पैसे घेत नाही म्हणून त्यांची सून चहा करते. तो मी बिनसाखरेचा पिते. अण्णांसमोर साखरेचा कसा प्यायचा?

पट्टी बांधताना अण्णा म्हणाले, "सिस्टर, शेजाराला इतकी वर्षं झाली, पण तुमच्या धर्माचं नेमकं काय ते तुम्ही कधी बोलला नाहीत."

"प्रेम करावं, क्षमा करावी, दुसऱ्याच्या उपयोगी पडावं," मी म्हणाले.

"हे तर आमचे तुकोबा सांगून गेलेत. मग तुमच्या येशूनं वेगळं काय केलं?"

उशीर होतोय म्हणून डबा आवरला आणि उठले. उशीर कसला? निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली.

शनिवार, १६ मार्च

रात्री झोप लागली नाही. माझी आजी बायबलबाई होती. पिशवीत शुभवर्तमानाच्या पुस्तिका घेऊन नेवाशाकडच्या खेड्यांतून पायी हिंडायची. कुणी ओट्यावर बसवलं, कुणी हाकललं, कुणी पाणी वरून ओतलं. लिहायला जेमतेम येत होतं, पण येशू कोण आणि त्यानं काय केलं, हे ती उंबऱ्याशी उभ्याउभ्या सांगायची.

मी शिकले, नोकरीला लागले आणि 'माझं कामच बोलतं' असं म्हणू लागले. चौतीस वर्षं वॉर्डात काम बोललं खरं. काय बोललं? 'सिस्टर फार मायाळू आहेत' एवढंच. पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय रात्री दोनला उठून वाचला. सगळ्यात आधी काय सांगायचं, ते तिथं सरळ आहे: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला. त्यात माझ्या मायाळूपणाचा उल्लेखही नाही.

रविवार, १७ मार्च

उपासनेनंतर भाच्याला सांगितलं, अण्णांशी येशूबद्दल बोलायचंय. तो घाबरला. "आत्या, दिवस कसे आहेत? कुणी व्हिडिओ काढला तर धर्मांतराच्या नावाखाली अडकशील." मग वकिलाच्या थाटात सांगू लागला: राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्माचा प्रचार करण्याचा हक्क आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७७ साली म्हटलं आहे. मला कुठं कुणाला काही घडवायचंय? माणसाचं मन फिरवणं माझ्या हाती असतं, तर आधी ह्या भाच्यालाच रविवारी वेळेवर उठवलं असतं.

पण एक गोष्ट खरी. ज्याचा पाय माझ्या हातात आहे, तो मला 'नको' कसं म्हणणार? ट्रेनिंगला असताना मेट्रननं बजावलं होतं, सुई हातात असताना शास्त्र बोलायचं नाही. तेव्हा ते भित्रेपणाचं वाटलं होतं.

बुधवार, २० मार्च

ड्रेसिंग केलं. अण्णांनी विषय काढला नाही. मीही नाही. हायसं वाटलं, आणि त्याची लाज वाटली.

दुपारी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' पुन्हा काढलं. त्यांच्या नवऱ्यानं, कवी टिळकांनी, १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० साली. मधली वर्षं ताटातूट, रडणं, मग नगरला येऊनही वेगळा स्वयंपाक, वेगळं पाणी. बाहेर कीर्तनं करून येशू सांगणारा हा कवी घरात बायकोचं सोवळं सांभाळत राहिला. बाईंचं मन फिरलं ते त्यांच्या स्वतःच्या विचारानं. टिळक गप्प बसले नव्हते, आणि त्यांनी बाईंना ओढूनही नेलं नाही. हे दोन्ही एका माणसाला कसं जमलं, हे मला अजून कळत नाही. बाकी बाबतींत नवरा म्हणून फार तापट होते, ते असो.

रविवार, २४ मार्च

झावळ्यांचा रविवार. सकाळी पोरं झावळ्या हलवत होसान्ना म्हणत चर्चमध्ये शिरली. संध्याकाळी कॉलनीत होळी. सूनबाईनं पुरणपोळी आणून दिली. लेंत चालू आहे, तरी खाल्ली. दोन.

बुधवार, २७ मार्च

तुकाराम बीज. ड्रेसिंग सकाळीच उरकलं. अण्णांनी दुपारी टीव्हीवर देहूचं कीर्तन ऐकलं. भर बारा वाजता नांदुरकीचं झाड हलतं, ह्यावर त्यांची श्रद्धा आहे.

चारला पुन्हा गेले. दार उघडंच ठेवलं.

"डबा कुठाय?"

"घरी. आज बोलायला आलेय. नको असेल तर जाते. ड्रेसिंग उद्या आहेच."

"बसा."

मी म्हणाले, "तुम्ही वेगळं काय ते विचारलं होतं. नुसती शिकवण नाही अण्णा, घडलेली गोष्ट आहे. तो आपल्या पापांपायी वधस्तंभावर मेला. माझ्याही. पुरला, आणि तिसऱ्या दिवशी उठला."

"तुमचं कसलं आलंय पाप, सिस्टर?"

तेव्हा मी त्यांना त्या रात्रपाळीचं सांगितलं. हाक ऐकू आली होती आणि मी लगेच उठले नाही. पुढचं इथं लिहीत नाही. नवऱ्यालाही पूर्ण सांगितलं नव्हतं.

अण्णा बराच वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आमचे तुकोबा सदेह वैकुंठाला गेले, तुमचा सदेह उठला. एकच की."

हो म्हणणं किती सोपं होतं! आजच्या दिवशी, पुरणपोळीच्या शेजारात. पण म्हणाले, "नाही अण्णा. तुकोबांना मरण शिवलंच नाही, असं तुम्ही मानता. हा आधी मेला. पुरता मेला. तो मेलाच नसता, तर माझी ती रात्र मी कुणाकडे देऊ?"

"मला नाही पटत."

"बरं."

दाराशी पोचले तर मागून आवाज आला, "बारा दिवस लावलेत तुम्ही. नगर-पाथर्डी गाडीवर कंडक्टर असताना मी करंजीचा थांबा न पुकारता गाडी पुढं नेली असती, तर दुसऱ्या दिवशी मेमो हातात पडला असता."

शुक्रवार, २९ मार्च

बारा ते तीन चर्चमध्ये वधस्तंभावरचे सात उद्गार. पांढरी साडी, पंखे बंद पडलेले. मोबाइलवर तिघांचे 'हॅपी गुड फ्रायडे'. पूर्वी उत्तरादाखल नुसते जोडलेले हात पाठवायची. आज तिघांनाही दोन-दोन ओळी लिहिल्या: आज तो मेला, माझ्यासाठी. एकाचं उत्तर आलं, "सॉरी मावशी, माहीत नव्हतं."

रविवार, ३१ मार्च

पहाटे पाचला कबरस्थानात. मेणबत्त्या, झेंडूच्या पाकळ्या, ह्यांच्या कबरीवर दव. पाळकसाहेबांनी "प्रभू उठला आहे" म्हटलं, आणि अंधारातून सगळ्यांचं उत्तर आलं तेव्हा दर वर्षीसारखा काटा आला.

तिथूनच, चपला चिखलानं भरलेल्या, अण्णांकडे. ते जागे होते.

"उठला का तुमचा?"

"उठला, अण्णा."

"मग ती चिकटपट्टी सोडा आधी. रात्रभर खाजतंय."

जखम जवळजवळ भरली आहे. आता एक दिवसाआड गेलं तरी चालेल.