साहेब, आम्हाला उलट विचारू द्या

ज्यांच्या एका शब्दावर कंपनीचे पैसे हलतात, त्या सर्व साहेबांना आणि मॅडमना,



सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचे एक कोटी रुपयांहून जास्त भामट्यांच्या खात्यांत गेले. त्यासाठी कुणाला सर्व्हर फोडावा लागला नाही. मुख्य कार्यकारी अधिकारी अदर पूनावाला यांच्या नावाने एका संचालकांना व्हॉट्सॲपवर निरोप आला, की अमुक खात्यांत ताबडतोब पैसे भरा. पैसे भरले गेले. पूनावालांनी असं काही सांगितलंच नव्हतं, हे नंतर उघड झालं आणि प्रकरण पोलिसांत गेलं. एवढ्या मोठ्या कंपनीत हे घडतं, तर आपल्या ऑफिसात घडायला कितीसा वेळ लागणार?

हे पत्र तुम्हालाच लिहिते आहे, कारण या फसवणुकीत चोरीला जातं ते आधी तुमचं नाव. पैसे त्यामागून जातात.

आमच्या टेबलावर काय घडतं ते बघा. महिनाअखेर, शुक्रवारची संध्याकाळ. बिलांची चवड समोर, स्क्रीनवर टॅली उघडं. तेवढ्यात तुमच्या नावाने मेल येतो: ‘मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका. नव्या व्हेंडरला आजच्या आज ॲडव्हान्स द्यायचा आहे. खात्याचा नंबर खाली दिला आहे. आरटीजीएस झालं की यूटीआर पाठवा. तूर्त कुणाशी बोलू नका.’ खाली तुमचं नाव, हुद्दा, कंपनीचा लोगो. मोबाईलवर पाठवणाऱ्याचं नुसतं नाव दिसतं. त्यावर बोट ठेवलं तरच पूर्ण पत्ता उघडतो. तोही नीट वाचावा लागतो, कारण रोमन लिपीतले आर आणि एन शेजारी आले की घाईत एम वाटतात.

ओळखायच्या खुणा त्या मेलमध्येच आहेत: घाई, गुप्तता, नवं खातं आणि फोन करायला मनाई. या चारांपैकी दोन जरी एकत्र दिसल्या, तरी हात थांबला पाहिजे. चुकीच्या स्पेलिंगवरून खोटा मेल ओळखा, हा सल्ला आता पुरत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँकेवर पडलेल्या सायबर दरोड्यात पैसे पाठवायच्या एका खोट्या हुकमात ‘फाउंडेशन’चं स्पेलिंग चुकलं म्हणून दोन कोटी डॉलर अडले, तरी ८ कोटी १० लाख डॉलर गेलेच. त्या बँकेतल्या लोकांना आधी नोकरीच्या अर्जासारखे दिसणारे मेल आले होते. आज एआय कुणालाही बिनचूक इंग्रजी आणि बऱ्यापैकी मराठी लिहून देतं.

मग खुणा दिसूनही आम्ही पैसे का पाठवतो? कारण तुम्हाला फोन करायची छाती होत नाही. ‘सांगितलं तेवढं करा’ हे आम्ही कधी ना कधी ऐकलेलं असतं. शिवाय तुमचे खरे निरोपही असेच येतात: व्हॉट्सॲपवर, घाईत, दोन ओळींत, ‘कागदपत्रं नंतर बघू’ म्हणत. तुमचा खरा निरोप आणि चोराचा खोटा निरोप एकाच वळणाचे असतील, तर फरक आम्ही कशावरून करायचा?

म्हणून तुमच्याकडे काही मागायचं आहे.

पैशांचा कोणताही हुकूम असला, की आम्ही तुम्हाला फोन करणारच, आणि तो आमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. तुम्ही मीटिंगमध्ये असाल, प्रवासात असाल, तरी तो घ्या. व्हेंडरने खातं बदलल्याचं कळवलं, तर जुन्या नंबरवर बोलल्याशिवाय नव्या खात्यात रुपयाही जाणार नाही, हा नियम करा. व्यवहार एकाने भरायचा आणि दुसऱ्याने तपासून मंजूर करायचा, हेही नुसतं कागदावर राहू देऊ नका. आणि ‘या वेळेपुरतं होऊ द्या’ असं तुम्ही स्वतः कधी म्हणू नका. नियम एकदा तुमच्यासाठी वाकला, की तुमच्या नावाने येणाऱ्या प्रत्येकासाठी वाकतो.

लिंकच्या बाबतीतही तेच. ‘पासवर्ड आजच संपतोय’, ‘केवायसी अपूर्ण आहे’ असा मेल आला, तर त्यातली लिंक न दाबता साइटचा पत्ता स्वतः टाइप करू. रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर यायला सांगितलं आहे. तो फक्त बँकांनाच मिळतो. पण हे शब्द पत्त्यात कुठेतरी असून चालत नाही, ‘https://’ नंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी असावे लागतात. व्हॉट्सॲपवर आलेली ‘चलान’ नावाची एपीके फाइल तर ऑफिसच्या काय, घरच्या फोनवरही उघडायची नाही.

एवढं करूनही कधीतरी कुणाचा तरी हात चुकेल. त्या वेळी तुम्ही कसे वागता, यावर बरंच अवलंबून आहे. चोरलेले पैसे भराभर एका खात्यातून दुसऱ्यात फिरवले जातात. बँकेला आणि १९३० या हेल्पलाइनला लगेच कळवलं, तर ते वाटेत गोठवता येण्याची शक्यता असते. तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवरही नोंदवता येते. पण हे सगळं सुरू कधी होणार? चुकलेला माणूस तोंड उघडेल तेव्हा. चारचौघांत त्याचा पाणउतारा झाला, तर पुढचा माणूस सोमवारपर्यंत गप्प बसेल, आणि सोमवारी हाती काही उरलेलं नसेल.

पुढच्या मीटिंगमध्ये हे सगळ्यांसमोर, तुमच्या तोंडून सांगा. परिपत्रकावर सोपवू नका. आणि त्यानंतर पहिल्यांदा जो कुणी तुम्हाला फोन करून ‘साहेब, हा मेल तुमचाच ना?’ असं विचारेल, त्याला सगळ्यांदेखत शाबासकी द्या. मेल तुमचाच असला, तरीही.

कळावे,
आपली,
अकाउंट्स विभागातली एक कर्मचारी