बिनतारी तंत्रज्ञाची मुलाखत

बिनतारी संचांच्या तंत्रज्ञाची पारख करणारा प्रश्न दिसायला साधा असतो: वॉकीटॉकी ऐकते, पण बोलत नाही, आधी काय पाहाल? अशा वेळी पाठ केलेलं सर्किट फारसं कामी येत नाही. पहिला संशय बॅटरीवर. ऐकायला थोडाच करंट लागतो. बोलण्याचं बटण दाबलं की तो कितीतरी पटींनी वाढतो आणि थकलेल्या बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो. म्हणून मोजमाप बटण दाबूनच घ्यायचं, नुसत्या बॅटरीचं नव्हे. मग बटण, माइक, अँटेना. पेचकस सगळ्यात शेवटी.

पल्ल्याच्या प्रश्नाच्या तयारीला उदाहरण म्हणून शनिशिंगणापूर गाव घ्यावं. घरांना दारं न लावण्याची इथली रीत प्रसिद्ध आहे. २०११ मध्ये युको बँकेनं इथे बिनकुलपाची शाखा उघडली. तरी २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणं आलंच. शनी अमावास्येच्या गर्दीत बंदोबस्ताला संच लागतात, आणि अहिल्यानगर सुमारे ३५ किलोमीटर दूर. सपाट जमिनीवर २५ मीटर उंचीच्या अँटेनाचं रेडिओ क्षितिज साधारण २० किलोमीटर भरतं. दोन्ही टोकांना तेवढे मनोरे असले तर बेरीज ४० होते, गाठ जेमतेम पडते. मध्ये टेकडी आली तर तीही नाही. हातातल्या संचाला मात्र उंचावरचा रिपीटरच हवा. हे गणित कागदावर करून दाखवणाऱ्याला सूत्राचं नाव आठवलं नाही तरी चालावं.

गुप्ततेच्या प्रश्नात बरेच फसतात. साधं ॲनालॉग प्रक्षेपण शिंगणापूरच्या घरासारखंच असतं, ती फ्रिक्वेन्सी लावणाऱ्याला सगळं खुलं. सीटीसीएसएस टोन लावला म्हणजे बोलणं सुरक्षित झालं, हा गैरसमज तर दुकानांतही ऐकू येतो. तो टोन परक्यांचा आवाज आपल्या स्पीकरपर्यंत येऊ देत नाही, एवढंच. आपलं बोलणं परक्यांना ऐकू जातंच. कुलूप हवं तर डिजिटल संचातलं एन्क्रिप्शन.

प्रात्यक्षिकात सोल्डरिंगचा सांधा चकचकीत आला की बरं, पण परीक्षकाची नजर दुसरीकडेही असते. प्रक्षेपणाची शक्ती मोजताना उमेदवार ५० ओहमचा डमी लोड जोडतो, की अँटेना काढून तसंच बटण दाबतो? भार नसला तर शक्ती परत फिरते आणि शेवटचा ट्रान्झिस्टर जळू शकतो.