थोडं कमीच

परवा भाच्याने फोनवर विचारलं, "मामा, हीट एक्स्चेंजरच्या नळ्या नुसत्या फुगवून बसवतात, मग त्या सुटत कशा नाहीत?" आणि मला माझी ट्रेनी असतानाची चूक आठवली.

नळी ट्यूबशीटच्या भोकात घालून आतून एक्सपांडरने फुगवतात. नळी फुगलेलीच राहते, पण भोवतालची जाड प्लेट जराशी ताणली जाऊन पुन्हा आवळते. सांध्याची ताकद म्हणजे ही पकड. भोकात बारीक खाचा असतील तर नळीचा धातू त्यांत शिरतो आणि पकड वाढते.

हायड्रो टेस्टला एक सांधा पाझरला. कोणाला न विचारता मी तो पुन्हा पुन्हा रोल केला. तो थांबला, पण शेजारचे दोन गळू लागले!

फोरमनकाका ओरडले नाहीत. म्हणाले, "कार्बन स्टीलची नळी पाच ते आठ टक्के पातळ झाली की थांबायचं. पुढे भोकच मोठं होतं, शेजाऱ्याचीही पकड जाते." तिन्ही नळ्या बदलेपर्यंत ते रात्री माझ्यासोबत थांबले.

जास्त जोर म्हणजे जास्त मजबुती, असं मला तोवर वाटायचं.

असो. भाचा पुढच्या महिन्यात कामाला लागतोय. त्याला एवढंच सांगितलं, "पाझरलं तर लपवू नकोस. आधी मोज, मग विचार."