सातबारा आणि तोरण

यवतमाळ जिल्ह्यातील काही गावांच्या नावांना 'इजारा' हा शब्द आजही चिकटलेला आहे. 1865 मधील पडीक जमिनींच्या नियमांनुसार इंग्रज सरकारने वऱ्हाडातील ओसाड गावे लागवडीसाठी इजाऱ्याने दिली. गाव इजारदाराचे झाले आणि नांगर धरणारा त्याचे कूळ ठरला. माझे वडील अशाच एका गावातील कूळ. 1958 च्या विदर्भ कूळकायद्यामुळे पुढे त्यांना पाच एकर जमिनीची मालकी मिळाली. सातबाऱ्याचा तो उतारा त्यांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला.

त्या वर्षीच्या पोळ्याला बैलजोडी सजवून ते आखरावर तोरणापाशी जरा पुढे जाऊन उभे राहिले. मखर बांधलेली पाटलांची जोडी मानाची; तिच्यामागे जुनी घराणी. कोणीतरी म्हणाले, "अरे, तुही जागा मांगं हाय." वडील मुकाट्याने मागे आले. घरी आल्यावर त्यांनी पेटी उघडली नाही.

पुढे इतिहास वाचताना कळले की, देशावर मिरासदार आणि उपरी असा भेद होता. मिरासदाराला जमीन विकता येई, गावकीत त्याच्या शब्दाला वजन असे. उपरी कितीही वर्षे कसत राहिला तरी उपराच. मिरास म्हणजे वारसा. नवल वाटले ते दूरच्या चेक भूमीचे. तेथेही मध्ययुगात वडिलोपार्जित जमिनीच्या छोट्या स्वतंत्र मालकांना 'वारस' याच अर्थाच्या शब्दाने ओळखत. पुढे त्यांना 'स्वोबोदनिक', म्हणजे मोकळे लोक, म्हणू लागले. राजाखेरीज त्यांना धनी नव्हता. तरीही सरदारांच्या पंक्तीत त्यांना स्थान नव्हते. कागद माणसाला मोकळे करतो. मान मात्र माणसांनीच द्यावा लागतो.

गेल्या पोळ्याला मी गावी गेलो होतो. वडील आता नाहीत. मी नोकरीनिमित्त शहरात राहिलो, आणि शेत एक भूमिहीन गृहस्थ बटईने करतात. आखरावर मला पुढे खुर्ची मिळाली. त्यांची जोडी सर्वांत मागे उभी होती. झडत्या झाल्या, तोरण तुटले, बैल निघाले. मी बसूनच होतो.

उठून त्यांच्याजवळ जाऊन उभे राहायला हवे होते, हे परतीच्या एस.टी.त उमगले. वडिलांना मागे पाठवणारा तो आवाज इतकी वर्षे मी दुसऱ्याचाच समजत आलो होतो.